‘आपण’ म्हणजे कोण? : ऑस्ट्रेलियन बालवाङ्मयातील देशपरिचयाची मीमांसा

१

मुलांना आपल्या देशाची ओळख करून द्यावी, त्यांना तेथील झाडे, पशुपक्षी, नद्या, इतिहास आणि मूळ रहिवाशांची संस्कृती ह्यांचे ज्ञान व्हावे, हे बालवाङ्मयाचे एक सर्वमान्य प्रयोजन आहे. ते इतके निर्विवाद वाटते की, त्याची चिकित्सा करण्याचे कोणाच्या फारसे मनात येत नाही. अशा पुस्तकांचे परीक्षण करताना आपण बहुधा माहितीची अचूकता, भाषेची सुबोधता आणि चित्रांची गुणवत्ता एवढेच पाहतो. प्रस्तुत लेखाचा रोख ह्याहून वेगळ्या गोष्टीकडे आहे. ‘ओळख करून देणे’ ही क्रिया त्रिपक्षी असते: एक ओळख करून देणारा, दुसरा ज्याला ओळख करून द्यावयाची तो, आणि तिसरा ज्याची ओळख करून द्यावयाची तो. विषय डोंगर किंवा पक्षी असेल तेव्हा ह्या रचनेत काही अडचण उद्भवत नाही. परंतु विषय माणसे असतील, आणि त्या माणसांची मुलेही त्याच देशातल्या शाळांत तेच पुस्तक हातात घेऊन बसत असतील, तर तिसऱ्या पक्षातले मूल एकाच वेळी वाचकही होते आणि वाचनाचा विषयही होते. त्या मुलाला त्याच्याच आजीची ओळख परक्या माणसाने करून द्यावी, असा हा प्रसंग असतो.

हा प्रश्न नीतीचा आहे तसाच तो व्याकरणाचाही आहे, आणि त्याची व्याकरणाची बाजू मराठी वाचकाच्या ध्यानात येण्यास विशेष सोयीची आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आपण’ हे श्रोत्याला आपल्यात घेते. ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवते. ‘आपण उद्या जाऊ’ आणि ‘आम्ही उद्या जाऊ’ ह्या दोन वाक्यांतील अंतर मराठी मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी, कोणीही न शिकविता, जाणते. गुजरातीत हा भेद आहे, द्राविडी भाषांत आहे, मुंडा कुळातील कोरकूत आहे. इंग्रजीत तो नाही. इंग्रजीचे एकच सर्वनाम दोन्ही कामे करते, आणि कोणते काम चालले आहे हे वाचकाने संदर्भावरून ठरवावयाचे असते. त्यामुळे इंग्रजीत लिहिलेले देशपरिचयाचे पुस्तक मराठी मनाने वाचू लागले की, प्रत्येक ‘आपल्या’ देशाशी थांबून विचारावे लागते: हा ‘आपला’ की ‘आमचा’? मुळात ज्या संदिग्धतेवर नजर ठरत नाही, ती भाषांतर करणाऱ्याला टाळता येत नाही.

ह्या कसोटीसाठी ऑस्ट्रेलियाचे बालवाङ्मय निवडण्याचे कारण असे की, तेथे हा प्रश्न अत्यंत ठळक स्वरूपात दिसतो. इ. स. १७८८ मध्ये इंग्रजांची पहिली वसाहत तेथे झाली तेव्हा त्या खंडात किमान अडीचशे भाषा बोलल्या जात होत्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालानुसार त्यांपैकी १२३ भाषा काही ना काही प्रमाणात वापरात आहेत, आणि मुले ज्या सहजपणे शिकत आहेत अशा बळकट भाषा अवघ्या बारा आहेत. विशेष म्हणजे ह्या मूळ भाषांपैकी अनेकींत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद आहे. ज्या भाषांत तो होता त्या क्षीण झाल्या, आणि ज्या भाषेत तो नव्हता तिच्यात देशाची ओळख लिहिली गेली, हा योगायोग अभ्यासकाने दुर्लक्षू नये असा आहे.

२

निसर्गाच्या ओळखीची सुरुवात नावांपासून होते, म्हणून आधी एका नावाचा इतिहास पाहू. ‘कांगारू’ हा शब्द आज जगातल्या बहुतेक भाषांत, मराठीतही, रुळलेला आहे. त्याच्याविषयी अशी एक कथा सांगितली जाते की, इंग्रजांनी ‘हा कोणता प्राणी?’ असे विचारले असता तेथील माणसाने ‘मला ठाऊक नाही’ असे उत्तर दिले आणि तेच प्राण्याचे नाव ठरले. ही कथा मुलांच्या पुस्तकांतून आवडीने सांगितली जात असे. तिचे तात्पर्य असे होते की, तेथील माणसाला आपल्या प्राण्याचे नाव सांगता आले नाही आणि पाहुण्याच्या गैरसमजातून नाव जन्मले.

वस्तुस्थिती अगदी उलट आहे. १७७० मध्ये कॅप्टन कुक आणि जोसेफ बँक्स ह्यांनी आजच्या कुकटाउनजवळ, एन्डेव्हर नदीच्या काठी, गूगू यिमिथिर ह्या भाषेतील जो शब्द टिपून घेतला तो ‘गङ्गुरू’ हा होता, आणि तो विशिष्ट जातीच्या मोठ्या कांगारूचे नेमके नाव होता. पुढे १८२० च्या सुमारास त्याच ठिकाणी आलेल्या फिलिप पार्कर किंग ह्यांना निराळाच शब्द सांगण्यात आला. तो ‘मिन्हा’, म्हणजे खाण्याजोगा प्राणी, असा जातिवाचक शब्द होता. दोन नोंदी जुळेनात, म्हणून पहिली खोटी असली पाहिजे असे अनुमान निघाले आणि ‘ठाऊक नाही’ची कथा बळावली. १९७० च्या दशकात जॉन हॅव्हिलँड ह्या भाषाशास्त्रज्ञांनी त्या भाषेचा प्रत्यक्ष अभ्यास करून मूळ शब्द आजही वापरात असल्याचे दाखवून दिले. भाषा जिवंत होती. दीडशे वर्षे कोणी तिला विचारले नव्हते.

ह्या शब्दाचा पुढचा प्रवास त्याहूनही बोधप्रद आहे. १७८८ मध्ये सिडनी येथे उतरलेल्या इंग्रजांनी कुकच्या यादीतला हा शब्द तेथील लोकांसमोर उच्चारला. परंतु सिडनीची भाषा सर्वस्वी निराळी होती. तेथे ह्या प्राण्याला ‘पटगरंग’ म्हणत. त्या लोकांनी ‘कांगारू’ हा इंग्रजांच्याच भाषेतला शब्द समजला. वॉटकिन टेंच ह्यांनी नोंदविले आहे की, जहाजातून आलेल्या गाई दाखविल्या असता कोलबी नावाच्या आदिवासी गृहस्थाने ‘हे कांगारू काय?’ असे विचारले. दोन पक्षांपैकी प्रत्येकाला तो शब्द दुसऱ्याचा वाटत होता. पुढील काळात ज्या शब्दाने साऱ्या जगाला ऑस्ट्रेलियाची ओळख पटली, त्याची जन्मकथा ही अशी आहे.

मुलांच्या दृष्टीने ह्यातून काय निष्पन्न होते? कोआला, वॉम्बॅट, डिंगो हे शब्द सिडनीच्या भाषेतले. ‘बिलबाँग’ आणि ‘कूकाबरा’ विराजुरीतले. ‘बजरिगार’ गमिलराय भाषेतला. मुळाक्षरांच्या पुस्तकात हे सर्व ‘ऑस्ट्रेलियन’ शब्द म्हणून एका रांगेत उभे राहतात. मूल ते शिकते आणि आपल्याला देश कळला असे त्याला वाटते. परंतु ती नावे कोणत्या माणसांनी ठेवली, त्यांची भाषा कोणती, ती आज कोठे बोलली जाते, हे त्याला सांगितले जात नाही. शब्द राहिला आणि वक्ता वगळला गेला. निसर्गाची ओळख आणि मूळ रहिवाशांची ओळख हे दोन स्वतंत्र धडे आहेत ही समजूत येथूनच निर्माण होते.

३

ही फारकत प्रारंभीच्या दोन प्रसिद्ध पुस्तकांत स्पष्ट दिसते. एथेल पेडली ह्यांचे ‘डॉट अँड द कँगरू’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १८९९ साली, प्रसिद्ध झाले. रानात वाट चुकलेल्या डॉट ह्या लहान मुलीला, स्वतःचे पिलू हरवलेली एक कांगारू भेटते; ती देते ती फळे खाल्ल्यावर मुलीला प्राण्यांची भाषा समजू लागते. निर्दयपणे नष्ट केल्या जाणाऱ्या प्राण्यांविषयी ऑस्ट्रेलियातील मुलांच्या मनांत सहानुभूती उत्पन्न व्हावी, असा हेतू लेखिकेने अर्पणपत्रिकेतच सांगितला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा दृष्टिकोण असाधारण होता आणि त्याचे श्रेय लेखिकेला दिलेच पाहिजे. परंतु ह्याच पुस्तकात आदिवासींचे नृत्य येते ते केवळ एक भयप्रद दृश्य म्हणून. डॉटला कांगारूची भाषा कळते, पक्ष्यांची कळते. त्या रानातल्या माणसांची भाषा मात्र तिला कळावी असे कथेला वाटत नाही. प्राणी ‘आपण’मध्ये आले आणि माणसे ‘ते’च राहिली.

मे गिब्ज ह्यांच्या ‘स्नगलपॉट अँड कडलपाय’ (१९१८) मध्ये हेच निराळ्या रीतीने घडते. युकॅलिप्टसच्या फळांची टोपी घातलेली गुबगुबीत बाळे हे ह्या पुस्तकाचे नायक होत. ऑस्ट्रेलियातील मुलांच्या कल्पनाविश्वात इंग्लंडमधील पऱ्यांच्या जागी तेथील झाडाचे फळ आणून बसविले, हे गिब्ज ह्यांचे कार्य थोर आहे. त्यांची चित्रे पाहिल्यावर युकॅलिप्टसचे झाड पूर्वीसारखे दिसत नाही. तथापि येथे रानाचे आद्य रहिवासी म्हणून जे प्रतिष्ठित होतात ते ही गोरी बाळे. खलपुरुषाची भूमिका बँक्सिया झाडाच्या काळसर, केसाळ बोंडांकडे आली आहे. ह्या रूपात वंशभयाची छाया आहे असे अनेक टीकाकारांनी म्हटले आहे. तो वाद बाजूस ठेवला तरी नावाची गोष्ट उरतेच. बँक्सिया हे नाव जोसेफ बँक्स ह्यांच्यावरून पडलेले आहे. म्हणजे रानातल्या एका झाडाला १७७० च्या पाहुण्याचे नाव, फळाला इंग्रज बाळाचे रूप, आणि ज्यांनी हजारो वर्षे त्या झाडांच्या फुलांतला मध चाखला त्यांचा मागमूस नाही. रान सुंदर आहे, पण ते रिकामे करून सुंदर केलेले आहे.

४

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आदिवासींच्या कथा मुलांच्या पुस्तकांत मोठ्या संख्येने आल्या. वगळण्याचा दोष तेथे उरला नाही. परंतु एक नवा प्रश्न उत्पन्न झाला. तो सर्वनामाचा नसून काळाचा आहे.

आदिवासींच्या विश्वोत्पत्तिविषयक कल्पनेला इंग्रजीत ‘ड्रीमटाइम’ म्हणजे स्वप्नकाळ म्हणण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पेन्सर आणि गिलेन ह्यांच्या लिखाणातून पडला. मध्य ऑस्ट्रेलियातील अरेर्न्टे भाषेतील एका शब्दाचे ते भाषांतर होते. मूळ शब्दाचा स्वप्नाशी काही संबंध असला, तरी त्याचा अर्थ स्वप्नापुरता मर्यादित नाही आणि तो भूतकाळाचा वाचक तर मुळीच नाही. त्यात विश्वाची घडण, भूमीशी नाते, आचारधर्म आणि आजचे कर्तव्य हे सारे येते. मानवशास्त्रज्ञ स्टॅनर ह्यांना १९५० च्या दशकात ही अडचण एवढी जाणवली की, ‘कधी तरी’ ह्याच्या जागी ‘सर्वदा’ असे सुचविणारा एक नवा शब्द त्यांनी इंग्रजीत घडविला. बालपुस्तकांनी मात्र ‘स्वप्नकाळ’ हाच शब्द उचलला आणि त्याला ‘फार फार वर्षांपूर्वी’ची जोड दिली. एवढ्याने एका जिवंत धर्मविचाराची परीकथा झाली.

मराठी वाचकास हे स्वकीय उदाहरणाने समजेल. आपल्या कहाण्यांतील आटपाट नगराला स्थळही नाही आणि काळही नाही. ते कोठेही असू शकते, म्हणूनच त्याची कहाणी कोणीही कोठेही सांगावी. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’ची तऱ्हा निराळी आहे. श्रीचक्रधर कोठे बसले, कोठे निजले, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूस थांबले, ह्याची नोंद तेथे आहे, आणि श्रद्धावंताला ते स्थान आजही वंद्य आहे. ऑस्ट्रेलियातील आदिवासी कथांचे नाते आटपाट नगराशी नसून ह्या दुसऱ्या प्रकाराशी आहे. विशिष्ट टेकडी, विशिष्ट पाणवठा, विशिष्ट खडक हाच तेथे कथेचा आधार असतो, आणि ती सांगण्याचा अधिकार विशिष्ट कुळांचा असतो. स्थळ काढून घेऊन कथा ‘सर्वांसाठी’ केली की, तिचा कणाच काढला जातो.

ह्या पार्श्वभूमीवर डिक रफ्सी ह्यांच्या ‘द रेनबो सर्पंट’ (१९७५) ह्या चित्रपुस्तकाचे मोल ध्यानात येते. रफ्सी हे मॉर्निंग्टन बेटावरील लार्दिल समाजाचे. त्यांचे मूळ नाव गूबलथल्डिन. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बालग्रंथ परिषदेने ह्या पुस्तकाला वर्षातील उत्कृष्ट चित्रपुस्तकाचा पुरस्कार दिला. त्यातील कथा केप यॉर्क प्रदेशाची आहे. गूरिअल्ला हा महासर्प स्वजनांच्या शोधात उत्तरेकडे जातो. त्याच्या अंगाच्या घसटीने दऱ्या आणि तळी निर्माण होतात. वाटेत त्याला माणसांचे आवाज ऐकू येतात. तो थांबून कान देतो, आणि हे शब्द निराळे आहेत, हे आपले लोक नव्हेत, असे ठरवून पुढे जातो. भाषेचा अभ्यासक येथे क्षणभर थांबल्यावाचून राहणार नाही. सृष्टी घडविणारा सर्प आपली माणसे ओळखतो ती भाषेवरून, आणि शेकडो भाषांचा हा देश मुलाला पहिल्या काही पानांतच, एकाही व्याख्येवाचून, दिसतो. कथेचा शेवटही भूतकाळात विरून जात नाही. जी माणसे प्राणी, पक्षी, वनस्पती झाली त्यांचे जतन करण्याचे कर्तव्य उरलेल्यांवर आहे, अशा वर्तमानातल्या बंधनाशी तो येऊन थांबतो.

लार्दिल भाषेविषयीचा एक विशेष येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. केनेथ हेल ह्यांनी १९६६ मध्ये दाखविल्याप्रमाणे ह्या भाषेत ‘आपण दोघे’ म्हणताना केवळ श्रोता आत की बाहेर एवढे पाहून भागत नाही. ते दोघे एकाच पिढीतले किंवा आजा-नातू असे एकाआड एक पिढीतले असतील तर एक सर्वनाम, आणि बाप-लेक असे लगतच्या पिढ्यांतले असतील तर दुसरे. आजोबांनी नातवाला उद्देशून म्हटलेले ‘आपण’ हे भावाने भावाला म्हटलेल्या ‘आपण’सारखे असते, बापाचे ‘आपण’ त्याहून वेगळे. परंपरेची ओळख कोणी कोणाला करून द्यावयाची ह्याचे भान ज्या समाजाने आपल्या सर्वनामांत गोठवून ठेवले आहे, त्याच्याविषयी मुलांना सांगताना ‘हे साधे, रानातले लोक’ असे लिहिणाऱ्याने ह्या व्याकरणाचे एक पान तरी उघडून पाहावयास हवे होते.

५

आता इतिहासाकडे वळू. जीनी बेकर ह्यांचे ‘व्हेअर द फॉरेस्ट मीट्स द सी’ (१९८७) हे कोलाजचित्रांचे पुस्तक उत्तर क्वीन्सलंडमधील डेनट्री अरण्यासंबंधी आहे. एक मुलगा वडिलांबरोबर समुद्रमार्गाने तेथे येतो आणि एकटाच रानात शिरतो. एका प्राचीन, पोकळ झाडात उभा असता, आदिवासी मुले कदाचित येथे खेळली असतील, असे त्याच्या मनात येते. चित्रांत झाडापानांआड पुसट, पारदर्शक आकृती दिसतात. शेवटी ह्याच किनाऱ्यावर भविष्यकाळातील हॉटेलांच्या छाया उमटतात. निसर्गरक्षणाचे आवाहन म्हणून हे पुस्तक अत्यंत प्रभावी आहे. पाने, माती, साल ह्यांच्या पोतातून उभे राहिलेले त्यातील अरण्य विसरता येत नाही.

तरीही त्या ‘कदाचित’वर बोट ठेवणे प्राप्त आहे. डेनट्री ही पूर्व कुकू यलंजी लोकांची भूमी. हे लोक पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हाही त्या परिसरात राहत होते आणि आजही राहतात. २०२१ मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी विधिपूर्वक त्यांच्याकडे परत आली. पुस्तकात मात्र ते धूसर भूतकाळातल्या छायांच्या रूपाने येतात. कुकू यलंजी मुलाने हे पुस्तक उघडले तर त्याला स्वतःची आकृती भुतासारखी पारदर्शक दिसेल. लेखिकेचा हेतू सहृदय आहे ह्याविषयी शंका नाही. परंतु अशा सहृदयतेने लिहिलेला मृत्युलेख जिवंत माणसाला वाचावा लागतो, हे त्या हेतूने टळत नाही.

त्याच वर्षी, वसाहतीच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने, नादिया व्हीटली आणि चित्रकार डॉना रॉलिन्स ह्यांचे ‘माय प्लेस’ प्रसिद्ध झाले. त्याची रचना विलक्षण आहे. सिडनीतील एकच जागा. १९८८ पासून दर दहा वर्षांनी मागे जात १७८८ पर्यंत. प्रत्येक टप्प्यावर तेथे राहणारे एक मूल स्वतःविषयी सांगते आणि परिसराचा नकाशा काढते. मागे जावे तसे कारखाने नाहीसे होतात, सांडपाण्याचा कालवा पुन्हा ओढा होतो; मोठे अंजिराचे झाड मात्र सर्व नकाशांत असते. इतिहास म्हणजे राजे आणि सनावळ्या नव्हेत, तर एकाच भूमीवर साचलेले थर होत, हे मुलाला ह्याहून चांगल्या रीतीने क्वचितच शिकविले गेले असेल.

परंतु ह्या पुस्तकाचे खरे मर्म षष्ठी विभक्तीत आहे. पहिल्या पानावरची लॉरा ही आदिवासी मुलगी आणि तिच्यानंतरची, जगाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या घरांतली मुले, ही सर्व त्या जागेला ‘माझी’ म्हणतात. पुस्तकाच्या शीर्षकातही तीच षष्ठी आहे. शेवटच्या टप्प्यावर, १७८८ मध्ये, बरांगारू ही मुलगी बोलू लागते आणि वाक्याची रचनाच उलटते: जागा तिची नाही, ती जागेची आहे. तिची आजीही हेच सांगते, की त्यांचे लोक सदैव ह्या जागेचेच आहेत. एका विभक्तिप्रत्ययाच्या स्थलांतराने दोन संस्कृतींतला मूलभूत भेद सात-आठ वर्षांच्या मुलाला कळेल असा उभा राहिला आहे. आजीच्या तोंडचा प्रथमपुरुष मराठीत उतरवताना भाषांतरकाराला मात्र निर्णय घ्यावाच लागेल. आजी नातीशी बोलते म्हणून ‘आपण’. परंतु वाचक जर लॉराची शेजारीण असेल, तर त्याच क्षणी ते ‘आम्ही’ होते. हे दुहेरीपण लेखिकेने झाकलेले नाही, हेच ह्या पुस्तकाचे सामर्थ्य आहे.

६

समाजाच्या आतून लिहिलेल्या पुस्तकांत ओळखीची दिशा कशी बदलते, ह्याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. कॅथ वॉकर, म्हणजेच पुढे ऊजरू नुनुक्कल हे नाव धारण केलेल्या कवयित्री (१९२०–१९९३), ह्यांचे ‘स्ट्रॅडब्रोक ड्रीमटाइम’ १९७२ साली प्रसिद्ध झाले. ह्या पुस्तकाच्या पूर्वार्धात मिन्जेरीबा, म्हणजे नॉर्थ स्ट्रॅडब्रोक, बेटावरील लेखिकेच्या बालपणाच्या आठवणी आहेत आणि उत्तरार्धात परंपरागत व नव्या कथा. ही मांडणीच एक युक्तिवाद आहे. जिचे वडील सरकारी नोकरीत राबत, जिच्या घरी शिधा येत असे, तीच मुलगी ह्या कथांची वारसदार आहे. स्वप्नकाळ आणि शिधावाटप एकाच घरात नांदतात. खाण्यापुरतेच मारावे हा वडिलांचा दंडक. गलोलीने खेळता खेळता भावंडांकडून कूकाबरा जखमी होतो, आणि शिक्षा म्हणून शिकार बंद होते. निसर्गाविषयीचा आदर येथे उपदेशाच्या रूपाने येत नाही; तो घरच्या शिस्तीचा भाग म्हणून येतो. पेडलीबाईंना जे सांगावयाचे होते तेच हे आहे. फक्त ज्यांना त्यांनी भयप्रद ठरविले त्यांच्याच घरातून ते आले आहे.

दुसरे उदाहरण अलीकडचे. वुरुन्जेरी समाजातील वडीलधाऱ्या जॉय मर्फी ह्यांचा मजकूर आणि लिसा केनेडी ह्यांची चित्रे असलेले ‘वेलकम टु कंट्री’ हे पुस्तक २०१६ मध्ये निघाले. वोइवुरुंग भाषेतील ‘वोमिन्जेका’ ह्या शब्दाने ते वाचकाचे स्वागत करते. त्या शब्दात ‘या’ आणि ‘हेतू धरून या’ असे दोन्ही अर्थ असल्याचे सांगतात. येथे देशाची ओळख करून देणारा आणि ज्याची ओळख करून द्यावयाची तो, हे दोन पक्ष एकच झाले आहेत. यजमान स्वतः दारात उभा आहे. तो ‘आम्ही’ म्हणतो आणि वाचकाला ‘तुम्ही’. ह्या ‘आम्ही’त दुरावा नाही, उलट सभ्यता आहे, कारण स्वागत करावयाचे तर यजमान आणि पाहुणा हा भेद प्रथम मान्य करावा लागतो. मेलबर्नमधील मराठी घरातल्या मुलाला, जे इंग्रजांच्या इतिहासाचे वारस नाही आणि त्या भूमीचेही नाही, हे पुस्तक जेवढी स्वच्छ जागा देते तेवढी ‘आपला ऑस्ट्रेलिया’ म्हणणारी अनेक पुस्तके देत नाहीत.

उलटपक्षी, केवळ लेखक आणि हेतू अनुकूल आहेत एवढ्याने प्रश्न सुटतो असेही नाही. ब्रूस पॅस्को ह्यांच्या ‘यंग डार्क एमू’ (२०१९) मध्ये, आरंभीच्या गोऱ्या प्रवाशांच्या रोजनिशांच्या आधारे, आदिवासी हे शेती करणारे, धान्य साठविणारे लोक होते असे प्रतिपादन आहे. पीटर सटन आणि केरिन वॉल्श ह्यांनी २०२१ मध्ये ह्या मताच्या मोठ्यांसाठीच्या आवृत्तीची कठोर चिकित्सा केली. पुराव्याचा वाद तज्ज्ञांवर सोपविला तरी त्यांचा एक आक्षेप बालवाङ्मयाला थेट लागू पडतो: शिकार व संग्रह करणाऱ्यांना मान द्यावयाचा तर त्यांना शेतकरी ठरविण्याची गरज का भासावी? मानाचे माप युरोपचेच राहिले, तर ओळख बदलली असे म्हणता येत नाही.

७

ह्या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. राष्ट्र म्हणजे ‘आपण’ची व्याप्ती वाढविणे होय, मुलांना लहानपणीच ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ शिकविले तर एकोपा कसा साधेल? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. १ जानेवारी २०२१ पासून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रगीतात राष्ट्राला ‘तरुण’ म्हणणाऱ्या शब्दाच्या जागी ‘एक’ ह्या अर्थाचा शब्द आला. हजारो वर्षांच्या वसतीला ‘तरुण’ म्हणणे चूक होते, म्हणून ही दुरुस्ती योग्यच. परंतु ‘एक’ आहोत असे म्हणण्याने एक होता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मूळ रहिवाशांना संसदेपुढे सल्लागार वाणी देणारी घटनादुरुस्ती सार्वमताने सुमारे ६० टक्के विरोधी मतांनी फेटाळली गेली. ‘आपण’ हे सर्वनाम उच्चारण्याचा अधिकार बोलणाऱ्याला असतो. परंतु ते खरे आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार ऐकणाऱ्याचा आहे. मराठी बोलणाऱ्या कोणालाही हे व्यवहारातून ठाऊक असते: न विचारता ‘आपण’ म्हणणारा माणूस पुष्कळदा आपले काम दुसऱ्याच्या गळ्यात घालीत असतो.

ह्याचा निकाल अखेरीस पुस्तकांबरोबर शाळेतही लागतो. नॉर्दर्न टेरिटरीमध्ये १९७३ पासून द्विभाषिक शाळा सुरू झाल्या, आणि काही ठिकाणी वडीलधाऱ्यांकडून कथा घेऊन त्यांच्याच भाषेत मुलांची पुस्तके छापणारी केंद्रे उभी राहिली. २००८ मध्ये तेथील शासनाने शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतूनच शिकवावे असे ठरविले, आणि ह्या प्रयत्नाला मोठा धक्का बसला. परभाषक मुलाला ज्या संस्कृतीची ‘ओळख’ करून देण्यासाठी सुंदर पुस्तके निघतात, त्याच संस्कृतीच्या मुलाला तिची भाषा शाळेच्या सकाळी वापरता येऊ नये, ह्या विसंगतीकडे बालवाङ्मयाच्या समीक्षकाने डोळेझाक करणे योग्य नाही.

आपल्या विद्यापीठांतील अभ्यासकांना ह्या चर्चेचा उपयोग दूरच्या देशाची माहिती म्हणून होऊ नये. महाराष्ट्रात गोंडी आणि कोलामी ह्या द्राविडी कुळातल्या, कोरकू ही मुंडा कुळातली, भिली आणि वारली ह्या आर्य कुळातल्या भाषा घरी बोलणारी मुले मराठी वाचनपाठ वाचतात. त्यांत ‘आपले आदिवासी बांधव’ हा शब्दप्रयोग वारंवार भेटतो. त्यातील ‘आपले’ हे व्याकरणाने श्रोतृसमावेशक आहे. परंतु श्रोता स्वतःच आदिवासी असेल तर ते वाक्य त्याला उद्देशून असूच शकत नाही, कारण कोणी स्वतःचा बांधव नसतो. म्हणजे पाठ लिहिणाऱ्याने, स्वतःच्या नकळत, गोंड मुलाला वर्गाबाहेर बसविले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांकडे शाळाच कुरणावर नेली, तेव्हा त्यांनी दिशा उलटविली होती. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या वाक्यरचनेला ते पाऊल अद्याप उचलावयाचे आहे. इंग्रजी लेखकाला निदान अशी सबब आहे की, त्याच्या भाषेत हा भेद नाही. मराठीत तो आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी इयत्तावार वाचनपाठ घेऊन त्यांतील प्रत्येक ‘आपण’, ‘आपला’ आणि ‘ते’ ह्यांची मोजदाद केली, आणि प्रत्येक ठिकाणी वाचणारे मूल कोणते गृहीत धरले आहे हे नोंदविले, तर बालवाङ्मयाच्या समीक्षेला एक नेमके साधन मिळेल, आणि पाठ लिहिणाऱ्यांना, आपण कोणाशी बोलत आहोत, हे कळेल.